दारातली खुर्ची

आत एसी चालू आहे म्हणून सरांनी पुन्हा दार लावलं आणि शिबिराची स्वयंसेविका म्हणून मी पुन्हा ते उघडून मध्ये खुर्ची अडकवली. विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिरात शाळेची मुलं प्रयोगशाळेत असली की दार उघडंच ठेवायचं, हा नियम.

"इतकी वर्षं शिकवतोय मी. माझ्यावर संशय घेताय?" सर तडकले.

"संशय नाही सर, नियम आहे," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मुलं पळाली. सातवीतली एक मुलगी मात्र त्या खुर्चीपाशीच घुटमळत राहिली.

"ताई, ही खुर्ची आमच्या शाळेत न्यायला द्याल?" तिने हळूच विचारलं. "तिथले सर आतून कडी लावतात."

मी तिला त्याच खुर्चीवर बसवलं. आत ते ऐकलेल्या सरांनी एसी बंद केला.