चंपाबाईचा आकडा

बाराशे एकनं भाग गेला नाही. एक्याण्णव उरले. तम्मण्णानं बाकी वहीत लिहिली आणि यादीतल्या बाराशे एकवर काट मारली.

समोरच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहिला होता. २०७३०१७. खाली माग बंद उभा होता.

चाळीस वर्षं तो वडगावच्या या घरात साड्या विणत आला होता. नक्षीच्या बुट्ट्या सारख्या अंतरावर बसवायच्या तर धाग्यांच्या संख्येला बरोबर भाग जावा लागतो. ते गणित त्याच्या हातात बसलेलं. चंपाबाई कांड्यांवर सूत भरता भरता त्याला कोडं घालायची. मोठा आकडा सांगायची आणि कशानं भाग जातो ते विचारायची. दवाखान्यातही तिनं एक आकडा सांगितला. तोच शेवटचा.

ती गेल्यावर मुलगा मंथन त्याला पुण्याला न्यायला आला. घर बंद करू म्हणाला.

"आईचा आकडा सुटू दे, मग येतो," तम्मण्णा म्हणाला.

"मोबाईलवर एका मिनटात निघतंय की, आप्पा."

"तिनं मला घातलाय. मोबाईलला न्हाय."

मंथननं ऐकलं. आकडा सुटला की पुण्याला, एवढं ठरलं.

शेजारची रचना कॉलेजात गणित शिकत होती. मूळ संख्यांची यादी तिनंच छापून दिलेली. आज आमटीची वाटी ठेवताना तिनं वहीत डोकावलं.

"किती राहिले, काका?"

"एकतीस."

"चौदाशे चाळीसच्या पुढं जाऊ नका. तिथवर न्हाय गेला, तर कशानंच जात न्हाय. तसं झालं तरी कोडं सुटलंच म्हणायचं." ती हसली. "लई चिवट आकडा घातलाय की काकूंनी."

"ती तशीच."

रचना गेली. त्यानं पुढचा आकडा घेतला, बाराशे तेरा. एक. सात. शून्य. शेवटी दहा हजार नऊशे सतरा उरले. बाराशे तेराला नऊनं गुणलं. तेवढेच आले.

बाकी शून्य.

त्यानं दुसऱ्या पानावर पुन्हा भागून बघितलं. शून्यच. तो वहीकडं बघत बसला. वाटीतल्या आमटीवर पापुद्रा धरला.

फोन वाजला. मंथन होता.

"झालं का, आप्पा?"

"न्हाय."

"कुठवर आलाय?"

"मधी कुठंतर चुकलंय. परत तीनापासनं करतो."

"परत? दिवाळीतबी असंच म्हणालेला. बरं, करा. ह्या खेपेला तरी नीट करा."

तम्मण्णानं फोन ठेवला. फडकं ओलं करून भिंत पुसली. ती वाळेपर्यंत थांबला. मग मनात आले तसे सात अंक लिहिले, शेवटी एक ठेवला. वहीचं नवं पान काढून वर तीन लिहिले.

चंपाबाईनं घातलेला आकडा तिच्या बाराव्याच्या आधीच सुटला होता. सातानं.