सिग्नलला थांबलेली अँब्युलन्स

मिरजेच्या रस्त्यावर, भर चौकात सायरन आपोआप बंद झाला आणि अँब्युलन्स लाल सिग्नलला थांबली. दस्तगीरने अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, पण गाडी हलली नाही.

"काय झालं, भाऊ?" मागून शैलजाने विचारलं. वडिलांचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

"सिग्नल लागलाय, ताई."

"अँब्युलन्सला कसला सिग्नल? घाला की गाडी!"

दस्तगीरसमोरच्या पडद्यावर आकडा उतरला होता: चार टक्के. पेशंट वाचण्याची शक्यता पाच टक्क्यांखाली गेली की सिग्नल तोडायची सवलत संपते, हा कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. नातेवाइकांना ते कोणी सांगायचं, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

शेजारच्या स्कूटरवाल्याने आत पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग रिक्षावाल्याने, मग मागच्या बसवाल्याने. सिग्नल हिरवा झाला तरी कोणी हॉर्न वाजवला नाही.

शैलजाने खिडकीतून त्या गप्प गाड्यांकडे पाहिलं. कायदा तिलाही ठाऊक होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आता सावकाश चला. अण्णांना धक्के सोसत नाहीत."