कापलेल्या फिल्टरचा कोड

फिल्टर कापा, बिघाडाचा कोड पुसा आणि फिटनेसचा शिक्का घेऊन जा, हे तुम्हीच या फहाद मेकॅनिकला शिकवलंत, आरटीओ साहेब. गाडी बघायला तुम्ही खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत.

गणराजच्या जुन्या ट्रकचा, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर फहादने गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने कापून काढला होता. थळच्या रस्त्यावर सगळेच काढतात. फिल्टर तुंबला की इंजिन ओढत नाही. आज मात्र इंजिनचा लाल दिवा लागला आणि बिघाड वाचायला जोडलेला स्कॅनर सांगू लागला, फिल्टर ब्याण्णव टक्के भरलाय.

"जो न्हायच, तो भरंल कसा, फहादभाय?" केबिनमध्ये बसलेला गणराज हसला आणि हसता हसता खोकला.

त्र्याण्णव.

इंजिन तर बंद होतं. फहादने कोड पुसला, तो परत उमटला. गणराज खोकला. चौऱ्याण्णव.

फहादने ट्रकमधून स्कॅनरची वायरच उपटली.

"दादा, खाली उतरा. लांब जाऊन बसा जरा."

"आता मला हाकलतोस व्हय?" कुरकुरत गणराज रस्त्यापलीकडे सुरूच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथे त्याला खोकल्याची उबळ आली. फहादच्या हातातल्या सुट्या स्कॅनरवर आकडे चढत गेले. शहाण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

फहादने आरटीओ साहेबांना फोन लावला.

"साहेब, शंभर झाल्यावर माणसाचं काय होतं? बोला!"