दहातली चार

"सहा गाणी काढून टाक," हेडफोन गळ्यात उतरवत कानसेन म्हणाला. "चार ठेव. ती चार अशी आहेत की लोक खुर्चीवरून उठतील. बाकीची सहा म्हणजे नुसतं पाणी."

समोर बसलेल्या गायकानं दाढी खाजवली. रॉक गाण्यांत आयुष्य काढलेला, स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल बांधणारा माणूस. एकाहत्तराव्या वर्षी त्याचा अकरावा अल्बम येत होता, तोही नऊ वर्षांच्या खंडानंतर. आधीचे दहाही अल्बम सगळ्यात आधी कानसेननं ऐकले होते. कंपनी, वादक, बायको, सगळे त्याच्यामागून. कानसेननं फुली मारलेलं गाणं जगाच्या कानावर कधी पडलं नाही, आणि त्याबद्दल जगानं आपले आभार मानायला हवेत असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

तानसेन होता आलं नाही म्हणून तो कानसेन झाला होता. चाळीस वर्षं रेकॉर्डिस्ट. गिटारची एक तार केसभर उतरली तरी तो जिन्यातून ओरडायचा. पाच वर्षांपूर्वी स्टुडिओ विकला गेला आणि तो घरी बसला. हा अल्बम नव्या माणसांनी नव्या स्टुडिओत केला होता. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यानं दुसऱ्याच गाण्याला ओळखलं.

"सहांचं काय बिघडलंय ते तरी सांग," गायक म्हणाला. तो घरातही स्टेजवर असल्यासारखा बोलायचा, थेट समोर बघून, छाती भरून.

"शब्द कळत नाहीत. अर्धे तोंडात, अर्धे पोटात. पूर्वी तू शब्द फेकायचास लेका, शेवटच्या रांगेतल्या माणसाला लागायचे. आता गुळण्या करतोयस. आणि गिटार काय घोंगडी पांघरून वाजवलीय? त्या स्टुडिओवाल्यांना माइक कुठे ठेवायचा तेही कळत नाही."

"आणि ती चार?"

कानसेनचा चेहरा खुलला. "त्या चारांत तू आहेस. खर्जात उतरलास, मागे बेस आणि ड्रम, संपलं. पहिल्याच ओळीला काटा आला अंगावर. या वयात माणसानं असंच गावं. वर चढायची हौस पुरे आता."

गायक उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत काहीतरी म्हणाला.

"काय?"

"दहाही अल्बममध्ये जाणार!" गायकानं वळून खणखणीत सांगितलं. "दहाच्या दहा!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कानसेनचा शब्द मोडला होता. त्याला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. मित्राच्या जन्मभराच्या नावाचा प्रश्न होता. लोक शेवटचंच लक्षात ठेवतात.

"मग मला बोलावलंस कशाला? शोभेला?" तो उठला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या काहीतरी पुटपुटल्या, पण तो थांबला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "वाढू का जेवायला?"

"चार," तो म्हणाला. "चारच चांगली आहेत."

तिनं एक सुस्कारा टाकला आणि पान वाढायला घेतलं.

तीन आठवड्यांनी अल्बम बाजारात आला. पेपरातलं परीक्षण कानसेननं दारात उभ्यानंच वाचलं. समीक्षकानं लिहिलं होतं, अल्बम उंचसखल आहे. इथवर ठीक होतं. पुढे मात्र त्या शहाण्यानं अक्कल पाजळली होती: 'सहा गाणी या गायकाच्या गेल्या तीस वर्षांतली सर्वोत्तम. उरलेली चार अनाकलनीय. सगळी चकाकी काढून टाकलेली, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. ती का घेतली, हे गायकच जाणे.'

"गाढवाला गुळाची चव काय!" कानसेननं पेपर आपटला. दुसरा मागवला. त्यातही तेच. तिसऱ्यातही तेच.

आता त्याला वेगळीच धास्ती वाटली. हे वाचून म्हाताऱ्याचा धीर सुटला, तर तो कार्यक्रमात नेमकी तीच चार गाळायचा. अशा वेळी रुसून बसणं बरं नव्हे. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि मित्राचं घर गाठलं.

बैठकीत एक बातमीदार बाई वही उघडून बसल्या होत्या. कानसेनला बघताच गायक उठला आणि त्यानं त्याला कडकडून मिठी मारली. तीन आठवड्यांचा अबोला तिथेच विरला.

"चार गाणी ऐकलीस ना पुन्हा?" गायकानं त्याचे खांदे धरून मोठ्यानं विचारलं.

"रोज ऐकतो. सकाळ-संध्याकाळ." कानसेन बाईंकडे वळला. "आणि तुम्हीही लिहून घ्या. पन्नास वर्षांनी हीच चार उरतील. माझा शब्द आहे. या कानांनी आजवर दगा दिलेला नाही."

गायकाचे डोळे भरून आले. कानसेननंही नाक ओढलं. आपला शब्द शेवटी पटला म्हणायचा, या समाधानात तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि वहिनींनी दिलेल्या चहात बिस्किट बुडवू लागला.

बाईंनी वहीचं पान उलटलं. "सगळ्यांना पडलेला प्रश्न विचारते. सहा इतकी सुंदर गाणी असताना ही चार तुम्ही का केलीत?"

गायक त्यांच्याकडे वळला. कोपऱ्यात कानसेन बशीतला चहा मजेत फुंकत होता.

"हे छापू नका," गायक साध्या आवाजात म्हणाला. "दहांत त्याला ऐकू येतील अशी चार तरी नकोत का?"