अस्वलबाबाचा अवघड भाग

"पुन्हा," काचेपलीकडून रेकॉर्डिंगच्या बाई म्हणाल्या. "'पाळी' शब्द आला की तुमचा आवाज पळून जातो."

अस्वलदादांनी घसा खाकरला. गेली नऊ वर्षं ते कार्टूनमधल्या अस्वलबाबाचा आवाज होते. या आवाजाने लांडग्यांची बोबडी वळली होती. स्टुडिओत त्यांचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं; सगळे अस्वलदादाच म्हणत. पण आजच्या भागात अस्वलाची लेक फुग्गी मोठी होणार होती. तिला पहिल्यांदा पाळी येणार होती आणि बापाने तिला ती समजावून सांगायची होती. अस्वलदादांना सकाळपासून घाम फुटला होता.

"या भागात फुग्गीची आई, अस्वलाई, कुठे आहे?"

"माहेरी गेलीय."

"नऊ वर्षांत कधी गेली नाही. आजच बरं सुचलं तिला."

"लिहिणाऱ्याची मर्जी. चला, घ्या पुन्हा."

समोरच्या पडद्यावर काहीच नव्हतं. चित्रं अजून रंगवायची आहेत, असं बाई म्हणाल्या होत्या. हातातले कागदही नेहमीसारखे टाइप केलेले नव्हते. वहीचे चार कागद, जांभळ्या शाईत. अस्वलदादांनी एरवी त्यावरून कटकट केली असती. आज कटकट करायचं बळच नव्हतं.

"फुग्गे," ते अस्वलाच्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. ही पाळी आहे. काही आजार नाही, तुझी काही चूकही नाही."

"'घाबरू नकोस' असं इतकं घाबरून सांगू नका," बाई म्हणाल्या. "आणि कागद ठेवा खाली. तोंडपाठ म्हणा."

"तोंडपाठ कधीपासून?"

"आजपासून. माझ्याकडे बघून म्हणा."

अस्वलदादांनी कागद ठेवले. बाईंचं म्हणणं ते टाळत नसत. पाच वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा शाळा सुटल्यावर त्यांची लेक याच खोलीत बाईंच्या टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची. बाई तिला डब्यातलं अर्धं द्यायच्या. लेक त्यांना मावशी म्हणायची, अजूनही म्हणते. तिचं आता बारावं वर्ष संपत आलं होतं. हे सगळं एक दिवस आपल्यालाही बोलावं लागणार, या विचाराने अस्वलदादांची झोप उडाली होती. बहिणीला सांगावं, तर ती आधी गावभर दवंडी पिटणार. आणि आपण काही वेडंवाकडं बोललो तर पोर आयुष्यभर आपल्याशी बोलायला लाजेल, ही भीती सगळ्यात मोठी होती.

अकराव्या वेळी आवाज पळाला नाही. बाईंनी त्यांना पॅडचं पाकीट दिलं, कागदाची सळसळ यावी म्हणून. ते उघडायचं कसं, लावायचं कसं, गुंडाळून टाकायचं कुठे, सगळं अस्वलाने न अडखळता सांगितलं. मग बाईंनी फुग्गीची शेवटची ओळ वाचली.

"बाबा, आता मी तुझ्यासोबत मासे पकडायला यायचं नाही का?"

अस्वलदादांनी शेवटचा कागद उचलून उलटसुलट केला. "पुढे उत्तरच लिहिलेलं नाही."

"ते तुम्हीच द्या."

त्यांनी कागद परत खाली ठेवला. "का नाही? तू नसलीस तर बादली कोण धरणार?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "झालं. हेच हवं होतं."

बाहेर येताना अस्वलदादांनी हात जोडले. "बाई, आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं बघा. घरी कसं बोलायचं या काळजीत होतो, आणि नेमका हाच भाग आला. तुमचे फार उपकार आहेत."

"माझे कसले? लिहिणाऱ्याचे माना." बाईंनी ते पाकीट त्यांच्या पिशवीत टाकलं. "हेही न्या. इथे काय करायचंय?"

घरी लेक दोरीवर चादर वाळत घालत होती. गेले काही महिने ती आपली चादर आपणच धुवायची. पोरीला वळण लागलं म्हणून अस्वलदादांना तिचं फार कौतुक होतं.

"ये, बस जरा," ते म्हणाले. "आज आमच्या कार्टूनमध्ये एक गंमत झाली."

सुरुवात त्यांनी अस्वलाच्या आवाजात केली, पण दोन वाक्यांत आवाज त्यांचा स्वतःचा झाला. 'पाळी' हा शब्द सरळ निघाला. पाकीट उघडून दाखवलं. लेक मान खाली न घालता ऐकत होती. मध्येच एकदा तिने ओठ चावले.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "मग रविवारी आपण पोहायला जातो, ते बंद?"

"बंद कशाला? त्या चार दिवसांत नको वाटलं तर दोघं काठावर बसू. तू नसलीस तर मला दम लागल्यावर ओढून कोण काढणार?"

ती उठून त्यांना बिलगली. किती तरी वर्षांत ती अशी बिलगली नव्हती. अस्वलदादांनी तिच्या केसांवरून हात फिरवत मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या लेखकाला शंभर वर्षांचं आयुष्य दिलं.

मग ते चहा टाकायला आत गेले. लेकीने खोलीचं दार लोटलं, चार कागद फाडलेली वही दप्तरात सरकवली आणि फोन लावला.

"मावशी, बाबाला जमलं गं. मी चार महिने वाट बघत होते, पण इतकं छान बोलेल असं वाटलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "फक्त तो आता विचारणार, हा भाग टीव्हीवर कधी लागणार. काय सांगू?"