जॉबर चिंतामणचे उंदीर

उंदीर पडेचना.

प्रयोगशाळेतल्या फिरत्या दांड्यावर अर्धं मिनिट झालं तरी तो टुकूटुकू चालतच होता. डॉ. निवेदिता घामाघूम. बापाकडून पिल्लांकडे जाणारा कंप ज्यांच्या अंगात, असे हे उंदीर. दहा सेकंदांत धप्पकन पडायला हवेत. हा पठ्ठ्या मात्र राजवाड्यावर फिरायला निघाल्यासारखा!

दिल्लीहून तपासणीला आलेले डॉ. सुधाकर देव हात पाठीमागे बांधून बघत होते. चहा नको, पोहे नको. इंदुरात येऊन पोहे नको म्हणणारा माणूस खडूसच असणार, हे चिंतामणनं आधीच ताडलं होतं.

चिंतामण पिंजरे सांभाळायचा. त्याआधी बावीस वर्षं परदेशीपुऱ्याच्या मिलमध्ये जॉबर होता, नव्या कामगारांना लूमवर तयार करायचा. मिल बंद पडली, दोन वर्षं घरी बसला, तेव्हा कुठे ही नोकरी मिळाली. आज साहेबांनी नापास केलं की प्रयोगशाळेलाही कुलूप. एका जन्मात किती कुलपं बघायची माणसानं?

"दुसरा ठेवा," देव म्हणाले.

दुसराही पडला नाही. तिसरा तर मिनिटभर चालला.

"मॅडम, आजारी उंदीर कुठे आहेत?"

"हेच आहेत, सर! मार्चमध्ये सगळे पडत होते हो!" निवेदिताबाई रडायच्या बेतात आल्या.

चिंतामणला राहवेना. "मॅडमजी, गुस्सा नका होऊ. मी शिकवलंय त्यांना."

"काय?"

"मतलब, तुम्ही दुपारी जेवायला गेलात की रोज घंटाभर. बिचारे पडायचे, बघवेना. नवा माणूस लूमवर थरथरतोच ना? बाजूला उभं राहायचं, आधी हळू, मग थोडं तेज. माझ्या हाताखाली कोणी कच्चं राहिलं नाही, साहेब."

निवेदिताबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पडावेत म्हणूनच तर पाळलेत! सत्यानाश केलात!"

"मग परत पडायला शिकवू?" चिंतामणनं घाबरत विचारलं.

देव हसले नाहीत. "मॅडम, जुन्या नोंदी घेऊन या."

त्या धावल्या. देवांनी पायानं दार लोटलं. चिंतामणनं मनाशी म्हटलं, गेली नोकरी!

"किती दिवस लागले?"

"तीन महिने, साहेब. रविवारी छुट्टी."

"ज्यांच्या बापाला कंप जास्त होता, तेसुद्धा शिकले?"

"ते तर सर्वांत आधी. जिद्दी असतात."

देवांनी पाठीमागचे हात पुढे आणले. दोन्ही लटलट कापत होते.

"जॉबरसाहेब," ते हळूच म्हणाले, "माझी शिफ्ट कधीपासून लावता?"