खिंडीत पोचलेला गुडघा

बॅटरीची सायकल एक आणि माणसं दोन, म्हणून बाबांनी घाट चढायचा नियम काढला. एकाने थोडं सायकलवर जायचं, ती दगडाला टेकवून पुढे चालू लागायचं. मागच्याने चालत येऊन ती घ्यायची. बाबांच्या नव्या गुडघ्याला डॉक्टरांनी एका दमात एकच किलोमीटर मंजूर केला होता. तेव्हा शेवटच्या चार किलोमीटरांसाठी सायकल त्यांच्यासाठी ठेवून मी पायी निघालो. खिंड आली, बाबा आलेच नाहीत. धावत खाली निघणार, तोच ते वळणावर उगवले. चालत. “सायकल कुठंय?” “दगडापाशीच. वाटलं, तू तिथंच कुठं थांबलायस, म्हणून तुझ्यासाठी ठेवली. तुझा नंबर ना?” “तुमचा होता, बाबा!” बाबांनी खालच्या रस्त्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. “म्हणजे हा चार किलोमीटर चालला?” दोन्हीकडे दऱ्या पसरल्या होत्या, ढग पायाशी लोळत होते. आम्ही मात्र कितीतरी वेळ गुडघाच बघत राहिलो.